दोन नळ्या, थोडं तेल

सातारा जिल्ह्यात वडूजहून पुसेगावच्या रस्त्याला लागलं की जुन्या मोटरसायकलचं पुढचं चाक एकाच फेरीत दोन तक्रारी करतं, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट असतात. समोर म्हैस आली म्हणून ब्रेक दाबला की हँडल खाली बुडतं, वर येतं आणि थांबायच्या आधी आणखी एकदा डुलतं. तेव्हा वाटतं, पुढचे शॉकअप फार मऊ पडलेत. थोडं पुढे गेलं की उसाच्या ट्रॅक्टरांनी डांबराची कड फोडलेला खड्डा येतो. चाक त्यात जेमतेम तीन सेंटिमीटर उतरून वर येतं आणि मनगटापासून खांद्यापर्यंत कळ जाते. आता वाटतं, शॉकअप फार कडक आहेत. शॉकअपची जोडी तीच, स्प्रिंग तीच, तेलही तेच. मग मऊ म्हणायचं की कडक?

गॅरेजमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे ‘शॉकप गेलंय’ किंवा ‘शॉकप बसलंय’ एवढ्यावर भागतं. गळत असेल तर सील बदलायचं, गळत नसेल तर तसंच चालवायचं. इंजिनाचं तेल न चुकता बदलणारा माणूससुद्धा पुढच्या नळ्यांमधलं तेल गाडीच्या अख्ख्या आयुष्यात बदलत नाही. तिथे तेल असतं हे त्याला सील फुटून ते ब्रेकवर ओघळेपर्यंत ठाऊकच नसतं.

मागच्या दिवाळीत वडूजमध्ये एका जुन्या पल्सरच्या फोर्कवर झालेलं काम जवळून पाहिलं. गाडी गोल दिव्याची, म्हणजे २००१ च्या नोव्हेंबरात पल्सर बाजारात आली त्या पहिल्या पिढीतली. मालक गलाई व्यवसायातले. खटाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. दूरच्या एखाद्या शहराच्या सराफ बाजारात, आतल्या गल्लीत, भट्टीपाशी बसलेला माणूस अचानक ‘कुठलं गाव म्हणायचं?’ असं विचारतो, तो बहुधा याच पट्ट्यातला. हे गृहस्थ तमिळनाडूत असतात आणि दिवाळीला, जत्रेला गावी येतात. गाडी मात्र गावीच असते, पडवीत, मधल्या स्टँडवर. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी त्यांनी आठवणीने करून घेतली आहे. विकून नवी घ्या, असं घरातले सगळे सांगतात. पहिल्या कमाईची गाडी विकायची नसते, एवढंच ते म्हणतात.

या वेळी ट्रॅव्हल्सच्या बसमधून उतरताना त्यांच्या पिशवीत एक छोटं खोकं होतं. आत अंगठ्याएवढ्या दोन पितळी-पोलादी वस्तू. गॅरेजवाल्या मेस्त्रींनी एक उचलून दिव्याकडे धरली, फुंकर मारून पाहिली आणि विचारलं, “दाजी, ही काय कार्बोरेटरचं हाय का?”

कार्बोरेटरचं नव्हतं. पण फुंकर मारून पाहावंसं वाटलं, यातच त्या वस्तूचं मर्म मेस्त्रींना अर्धंअधिक कळलं होतं.

मोटरसायकलचा पुढचा फोर्क म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या दोन जोड्या. वरची, क्रोम केलेली नळी हँडलखालच्या ‘टी’मध्ये घट्ट आवळलेली असते. खालची जाड अल्युमिनियमची, तिला गॅरेजमध्ये ‘बॉटम’ म्हणतात. चाकाचा एक्सल तिच्यातून जातो. आत लांबलचक स्प्रिंग. स्प्रिंगचं काम सगळ्यांना माहीत आहे: दबायचं आणि परत यायचं. पण नुसत्या स्प्रिंगवर गाडी सोडली तर ती गतिरोधकानंतर पुढचे दोनशे फूट नाचत जाईल. हा नाच थांबवायचं काम तेल करतं. बॉटमच्या तळाला अ‍ॅलन बोल्टने पक्की केलेली एक बारीक नळी आत उभी असते. इंग्रजी पुस्तकांत तिला डॅम्पर रॉड म्हणतात. होंडाच्या वळणाने घडलेले स्पेअर पार्टवाले तिला सीट पाइप म्हणून ओळखतात. तिला खाली काही मोठी भोकं असतात आणि वरच्या टोकाजवळ एक-दोन बारीक. चाक वर ढकललं गेलं की तळाचं तेल मोठ्या भोकांतून या नळीत शिरतं. चाक परत खाली येताना दोन नळ्यांच्या मधल्या फटीत अडकलेलं तेल वरच्या बारीक भोकांतून पिळून निघतं. जाताना थोडा अडथळा, येताना जास्त. डॅम्पिंग म्हणतात ते इतकंच. झडपेच्या नावाने एक साधी चकती असते, बाकी सगळा कारभार भोकांचा.

भोकाची एक खोड आहे, आणि ती रंगपंचमीला पिचकारी हातात धरलेल्या प्रत्येक पोराला माहीत असते. दांडा हळू दाबला तर पाणी मुकाट्याने येतं, हाताला काही लागतही नाही. जोरात दाबला तर दांडा दगडागत अडतो. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने, अरुंद भोकातून द्रव ढकलताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट, वेग तिप्पट तर विरोध नऊ पट.

इथे वेग म्हणजे गाडीचा नव्हे. तेलाला फक्त नळी नळीत किती वेगाने सरकते तेवढं कळतं. गुळगुळीत रस्त्यावर ताशी ८० ने जाताना फोर्क जवळजवळ स्वस्थ असतो, आणि बाजारपेठेत ताशी २५ ने जाताना त्याच्यावर आकाश कोसळलेलं असू शकतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या शिफारशीतला गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असल्यासारखा, आणि तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडावा अशी अपेक्षा असते. त्याचा सुरुवातीचा चढ साधारण नवास एक येतो. ताशी २५ म्हणजे सेकंदाला सात मीटर. तेव्हा चाक वर उचललं जातं ते सेकंदाला पाऊण मीटरच्या वेगाने. आता तोच वेग ठेवून तीन सेंटिमीटरच्या तुटक्या कडेवर चाक आदळवू. टायरसकट चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर कड जिथे टेकते तिथला चढ दोनास एकच्या आसपास निघतो. म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरच्या पुढे. टायर त्यातला काही भाग आपल्या पोटात घेतो, फोर्क तिरका असल्यामुळेही आकडा थोडा हलतो, पण ढोबळ गुणोत्तर साडेचार पट राहतं. त्याचा वर्ग वीस.

म्हणजे दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर तेलाने जेवढा विरोध केला, त्याच्या वीस पट विरोध तीन सेंटिमीटरच्या खड्ड्यावर. ब्रेक लावताना फोर्क त्याहून सावकाश बुडतो, तिथे तर भोकं जवळपास नसल्यासारखीच असतात. कारखान्याने भोकं लहान ठेवली असती तर ब्रेकवर गाडी नीट उभी राहिली असती, पण खड्ड्यात हात मोडले असते. मोठी ठेवली असती तर खड्डे गेले असते आणि ब्रेकवर नाक जमिनीला टेकलं असतं. मधला आकार निवडला, म्हणून दोन्ही थोडं थोडं. सुरुवातीच्या दोन तक्रारींचं मूळ हे असं एकच आहे.

(गावोगावच्या गतिरोधकांबद्दल बोलायचं झालं तर शिफारशीतले ३.७ मीटर रुंद गतिरोधक मला या तालुक्यात शोधूनही फारसे दिसले नाहीत. कुणाच्या तरी दारात अपघात होतो, दुसऱ्या दिवशी लोक उरलेलं डांबर किंवा सिमेंट आणून हातभर रुंदीचा बांध घालतात. त्यामागचा राग खरा असतो. पण असा बांध गाडीचा वेग कमी करण्यापेक्षा गाडीचं आयुष्य कमी करतो.)

पुढच्या चाकाला असं तेलाचं डॅम्पिंग मिळून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. आधी गर्डर फोर्क असत. त्यांना घर्षणाच्या चकत्या आणि वर एक हाताने पिळायची मूठ. रस्ता खराब लागला की स्वाराने मूठ आवळायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने वापरलेल्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या गाड्यांना असेच फोर्क होते. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांवर तेलाने डॅम्पिंग होणारा टेलिस्कोपिक फोर्क आणला, मॅचलेसने १९४१ च्या जी-३/एल वर, आणि पुढे सगळ्या जगाने तीच वाट धरली.

साताऱ्याच्या घराघरांतली पहिली दुचाकी मात्र या वाटेने आली नाही. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि तिथून ‘प्रिया’ निघू लागली. स्कूटरच्या पुढच्या चाकाला नळ्यांची जोडी नसते. एका बाजूने धरलेलं चाक, एक छोटा हात आणि एकच शॉकअप. मेस्त्रींच्या वडिलांनी हात काळे केले ते प्रियांवर. १९८५ ला हिरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१०० आली, १९९४ ला स्प्लेंडर आली, आणि मग प्रत्येक गॅरेजात फोर्कच्या नळ्या उभ्या दिसू लागल्या. शॉकअप बनवणारी गॅब्रिएल १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली, आज तिचं बिऱ्हाड चाकणला आहे. फोर्क बनवणारी एन्ड्युरन्स मूळची औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. महाराष्ट्रात बनणाऱ्या या वस्तूत आत काय आहे, हे महाराष्ट्रातल्याच चालवणाऱ्याला माहीत नसतं, याची मला गंमत वाटते.

तर पल्सर. पुढचं चाक काढायच्या आधी मेस्त्रींनी इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारला आणि वरची झाकणं अर्धा आटा आधीच ढिली केली. नळ्या टीमध्ये आवळलेल्या असतानाच हे करावं लागतं. बाहेर काढल्यावर नळी हातात फिरत राहते आणि झाकण हलत नाही. शेवटचा आटा सुटताना त्यांनी तळवा झाकणावर दाबून ठेवला, कारण खाली दबलेली स्प्रिंग असते आणि झाकण तोंडावर येऊ शकतं. तळाचा अ‍ॅलन बोल्ट फिरेना, आतली नळीच त्याच्याबरोबर गरगर फिरू लागली. तेव्हा त्यांनी काढलेली स्प्रिंग परत आत टाकली, वरून पोऱ्याला दाब द्यायला लावलं आणि मग बोल्टला एकच झटका दिला. ही युक्ती कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील असं वाटत नाही.

जे तेल बाहेर आलं ते तेल म्हणण्याच्या लायकीचं नव्हतं. काळसर पाणी आणि तळाशी राखाडी गाळ, चिमटीत घेतला तर चकाकणारा. अल्युमिनियमचा बॉटम आणि आतल्या बुशा झिजून तो तयार होतो. दोन नळ्यांतलं तेल सारखंही नव्हतं. एकीत दुसरीच्या निम्मंच होतं. म्हणजे गाडी इतकी वर्षं एका पायाने लंगडत होती.

उभ्या गाडीचा दुसरा रोग क्रोमवर दिसला. जिथे बॉटमची कड येते तिथे पावसाळ्यातला ओलावा बसून राहतो, आणि चालत्या गाडीत सीलमुळे पुसली जाणारी जागा उभ्या गाडीत पुसली जात नाही. तिथे गंजाचे बारीक ठिपके धरले होते. नख फिरवलं तर लागत होते. ठिपक्याची कड सीलचा ओठ कापते, म्हणून अशा नळीवर नवं सील बसवलं तरी ते महिनाभरात गळतं आणि लोक सीलला शिव्या देतात. दोन पर्याय होते: नव्या नळ्या घेणं, किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवून जुन्या घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घेणं. मालकांच्या हातात दिवस थोडे. नळ्या नव्या आल्या. त्या सरळ आहेत का हे मेस्त्रींनी टेबलाच्या काचेवर लोळवून पाहिलं, मग लेथवर दोन सेंटरांत धरून डायल लावली. नव्या नळीवर एवढा अविश्वास का, असं विचारल्यावर म्हणाले, “ट्रान्सपोर्टनं आलीय न्हवं.”

इथपर्यंत जे झालं त्याला सुधारणा म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात. पण माझं मत असं की जुन्या गाडीच्या फोर्कमध्ये मिळण्यासारखं जे सुख आहे त्यातलं निम्म्याहून अधिक याच टप्प्यावर मिळतं: नवं सील, नवी बुश, दोन्हीकडे मोजून सारखं तेल. परदेशी खोकं उघडण्याआधी एवढं केलं नाही तर खोक्यातली वस्तू गाळात बसते.

दुरुस्तीनंतर गॅरेजांत जे उपाय केले जातात ते मेस्त्रींनी स्वतःच सांगितले, थोडं हसत. पहिला उपाय इंजिन ऑइल. फोर्कमध्ये २०-डब्ल्यू-४० ओतायचं. फोर्कचं दहा नंबरचं तेल आणि हे तेल यांत दाटपणाचा फरक साधारण तिपटीचा आहे. ब्रेकवर गाडी खरंच कमी बुडते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण तेल दाट झालं की ते दोन्ही दिशांना दाट होतं. मुरमाच्या रस्त्यावर लाटा पडलेल्या असतात, तिथे दबलेला फोर्क पुढची लाट यायच्या आत परत वर येऊ शकत नाही. प्रत्येक लाटेला थोडा थोडा खाली बसत जातो आणि शेवटी सगळा प्रवास संपून लोखंडावर लोखंड येतं. डिसेंबरच्या पहाटे पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला निघालेल्या माणसाला हा त्रास जास्त, कारण थंडीत तेच तेल आणखी दाट होतं. नंबरांवर फार भरवसाही ठेवू नये. फोर्क तेलाच्या डब्यावरचा ‘१०’ हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. ४० अंशांना किती सेंटिस्टोक हे बारीक अक्षरात छापलेलं असेल तर ते वाचावं.

दुसरा उपाय वॉशर. स्प्रिंगवर दोन-चार जाड वॉशर टाकून झाकण आवळायचं, म्हणजे स्प्रिंग ‘टाइट’ होते. होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. आधीपासून दाबून ठेवल्याने गाडीचं पुढचं टोक थोडं वर राहतं एवढंच. कडक करायचीच तर वेढे कमी करावे लागतात. ४० वेढ्यांच्या स्प्रिंगचे ८ काढले तर उरलेली सव्वापट कडक होते. कापलेलं टोक तापवून बसतं करावं लागतं, सपाट घासावं लागतं आणि कमी झालेली लांबी वर नळीचा तुकडा ठेवून भरून काढावी लागते.

तिसरा उपाय भोकं बुजवण्याचा. तो करणारे थोडे, आणि पश्चात्ताप करणारे सगळे. त्या वर्गाच्या गणितामुळे.

आता खोकं. त्यातली वस्तू म्हणजे फोर्कच्या सीट पाइपच्या डोक्यावर, स्प्रिंगच्या खाली बसणारी झडप. अमेरिकेत कॅलिफोर्नियातली रेस टेक ही कंपनी १९९० च्या दशकापासून अशा झडपा ‘इम्युलेटर’ या नावाने विकते. महागड्या गाड्यांच्या कार्ट्रिज फोर्कमध्ये जी करामत असते तिची नक्कल साध्या फोर्कमध्ये करायची, म्हणून ते नाव. एका जोडीला दीड-दोनशे डॉलर पडतात. थायलंडची वायएसएस अशीच झडप पीडी व्हॉल्व्ह म्हणून बनवते. मालकांनी जी आणली होती तिची किंमत त्यांनी घरात सांगितली नव्हती, आणि मीही इथे छापत नाही.

तिचं काम असं. एका चकतीला एक-दोन बारीक भोकं, आणि चकती एका छोट्या स्प्रिंगने बसकणीवर दाबून धरलेली. ब्रेक लावला, तेल सावकाश आलं, तर त्याला फक्त बारीक भोकांतून जावं लागतं. विरोध लगेच जाणवतो आणि बुडणं संथ होतं. खड्डा आला, तेलाचा दाब एकदम चढला, की चकती स्प्रिंगविरुद्ध उचलली जाते आणि मोठी वाट मोकळी होते. वर्गाने वर चढत जाणारी रेष मध्येच वाकते आणि आडवी होऊ लागते. वेगळ्या शब्दांत सांगायचं तर, भोकाचा आकार ठरलेला असण्याऐवजी दर क्षणी दाबाप्रमाणे बदलतो. मेस्त्रींनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे कुकरची शिट्टीच की.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

पण झडपेच्या हाती सत्ता द्यायची तर जुन्या भोकांची सत्ता काढून घ्यावी लागते. म्हणून सीट पाइपच्या खालच्या भोकांची संख्या आणि आकार वाढवायचा, इतका की तिथे तेलाला अडथळाच राहू नये. मोठ्या गाड्यांत ८ मिलिमीटरची सहा भोकं सांगितलेली असतात. पल्सरची नळी सडपातळ, तिला एवढी मोठी भोकं पाडली तर कंबरेतून मोडायची. मेस्त्रींनी लहान भोकांच्या जोड्या पाडल्या, प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात, म्हणजे एकाच रेषेत नळी पोकळ होत नाही. आतल्या धारा गोल कानशीने काढल्या. वरच्या बारीक भोकांना हात लावायचा नव्हता, कारण चाक परत खाली येण्याचं नियंत्रण अजूनही त्यांच्याकडेच असतं, आणि त्यासाठी तेल थोडं दाट, पंधराचं, निवडलं होतं. वर येण्याची काळजी आता झडप घेणार, म्हणून तेलाची निवड फक्त परतीच्या प्रवासाकडे पाहून करता येते. या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. आधी एकाच तेलाने दोन धन्यांची चाकरी करायची होती. आता एकाची.

झडप सीट पाइपच्या डोक्यावर नीट बसेना. तिचा तळ डोक्यापेक्षा किंचित मोठा. मग अल्युमिनियमच्या गोल सळीतून दोन वाट्या कातायच्या ठरल्या, आणि काम शेजारच्या लेथवर गेलं. लेथ जुना, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा. इथून औंध जवळ. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि नांगराच्या फाळापासून पंपापर्यंत ओतकाम-कातकाम या मुलखाच्या अंगवळणी पडलं. हरिहरचा कारखाना पुढे १९४१ ला निघाला. त्या परंपरेचं कौतुक करायला लेथवाल्यांना वेळ नव्हता. त्यांनी कॅलिपरने माप घेतलं, वाटी कातली, झडप टाकून पाहिली, नको तेवढी घट्ट वाटली म्हणून केसभर आणखी घेतलं आणि बोअरवेलच्या कामाकडे वळले. वाटीची मजुरी झडपेच्या किमतीपुढे चहापाण्याइतकी होती.

तेल भरणं हा भाग लोक घाईत उरकतात. मापट्याने दोन्हीकडे सारखं ओतलं की झालं, असं नाही. कारण गाळ, थेंब, आत अडकलेली हवा यांनी फरक पडतो. स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण खाली दाबलेली, दोन-चार वेळा वर-खाली करून हवा काढलेली, आणि मग वरच्या कडेपासून तेलाच्या पातळीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. तेलावर जी हवा उरते ती स्वतःच एक स्प्रिंग असते, शेवटच्या टप्प्यात कडक होत जाणारी. अंतर कमी ठेवलं तर फोर्क तळाला आदळायच्या आधी हवा त्याला थोपवते. फारच कमी ठेवलं तर दाब सीलवर येतो. मेस्त्रींनी एका इंजेक्शनच्या सिरिंजला हव्या त्या मापाची नळी लावून जास्तीचं तेल ओढून घेतलं. दोन्ही पायांत पातळी मिलिमीटरभर इकडेतिकडे नाही.

मग बसणं. वरच्या नळीला केबल टाय बांधून ती बॉटमपर्यंत खाली सारली, मालक नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसले, अलगद उतरले आणि टाय किती सरकली ते पाहिलं. अशा गाड्यांच्या पुढच्या चाकाला १२० ते १३५ मिलिमीटर हलायला जागा असते, त्यातला साधारण तिसरा हिस्सा माणूस बसल्यावर वापरला जावा, कारण चाकाला खड्ड्यात खालीही जायचं असतं. जुन्या स्प्रिंगवर निम्मी जागा बसल्या बसल्याच संपत होती. स्प्रिंगचे काही वेढे काढावे लागले. दाट वेढ्यांच्या बाजूचे काढले, वर नळीचा तुकडा घातला, आणि झडपेच्या उंचीइतका तो पुन्हा आखूड केला, कारण झडपेने स्प्रिंगला तेवढं वर उचललेलं असतं. हा हिशेब विसरला तर झाकण लावताना घाम फुटतो.

या सगळ्या वेळात गॅरेजच्या दारात बसलेल्या पोरांचा एक प्रश्न होता: एवढं करण्यापेक्षा ड्यूकचे उलटे फोर्क का नाही टाकले? २०१२ ला चाकणहून ड्यूक २०० बाहेर पडली आणि तिच्या जाड फोर्कवर अख्ख्या महाराष्ट्राची पोरं लुब्ध झाली. भंगारातून ते मिळतात, आरएक्सवर बसवलेले दिसतातही. फोर्क उत्तमच आहे, प्रश्न त्याचा नाही. त्याची लांबी वेगळी, टीचा पुढे-मागे सरकवलेला मध्य वेगळा, चाक वेगळं, ब्रेक वेगळा. हँडलच्या खुंट्याची रेघ जमिनीला जिथे टेकते आणि चाक जिथे टेकतं यांतल्या अंतरावर गाडीचं सरळ चालणं अवलंबून असतं. ते अंतर बदललं की एखाद्या वेगाला हँडल थरथरू लागतं आणि कारण सापडत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीतल्या तपशिलात बदल होईल असे फेरफार करू देत नाही. फोर्कच्या आत बसलेल्या झडपेने गाडीचा कुठलाही तपशील बदलत नाही. पोरांना हे पटलं नाही. झडप दिसत नाही, हीच तिची उणीव होती.

चाचणी वर्धनगडच्या घाटात झाली. पुसेगाव ओलांडून कोरेगावच्या बाजूला उतरणारा हा घाट फार मोठा नाही, पण उतारावर वळण, वळणावर ब्रेक आणि ब्रेकवरच खडबडीत पट्टा अशी सगळी परीक्षा एका ठिकाणी होते. पहिल्या फेरीत ब्रेकवर नाक बुडणं इतकं कमी झालं होतं की मालकांना ब्रेक लागतोय की नाही अशी शंका आली. फोर्कने एकूण किती बुडायचं ते स्प्रिंग ठरवते. झडपेमुळे तो आता सावकाश बुडतो, आणि एकदाच. पण खड्ड्यांवर हाताला अजून टोचत होतं. झडपेच्या छोट्या स्प्रिंगचा ताण दोन्हीकडे एकेक आटा कमी करायचा ठरलं. त्यासाठी परत झाकणं, परत स्प्रिंग, तारेच्या आकड्याने झडप वर ओढणं. मेस्त्रींनी तोंड वाकडं केलं नाही. एव्हाना त्यांनाही कुतूहल लागलं होतं.

दुसऱ्या फेरीनंतर गाडी मी थोडी चालवली. खड्डा कळतो, पण तो चाकाला कळतो आणि हातापर्यंत बातमीच येते. वळणात असताना मध्येच उखडलेला पॅच आला तरी पुढचं चाक आपली रेघ सोडत नाही. गाडी नवी झाल्यासारखं वाटलं असं मी म्हणणार नाही, कारण ही गाडी नवी असतानाही अशी चालत नव्हती.

मेस्त्रींच्या वहीत आता दोन गिऱ्हाइकांची नावं आहेत, दोघेही दूधवाले. त्यांना झडप नको आहे. सील, तेल, पातळी आणि स्प्रिंग, एवढंच त्यांना करून हवं आहे, आणि मला वाटतं त्यांचा निर्णय बरोबर आहे. मागे ऐंशी लिटरचे कॅन लटकवले की गाडीचं पुढचं टोक हलकं होतं. अशा गाडीला आधी दोन्ही पायांत सारखं तेल हवं.

पल्सरचे मालक भाऊबीज करून तमिळनाडूला परत गेले. गाडी उभी राहून पुन्हा क्रोमला ठिपके धरायला नकोत म्हणून या वर्षी ती धाकट्या भावाकडे चालवायला दिली आहे. मालकांचं वजन अडुसष्ट किलो, आणि स्प्रिंग त्यांच्या अंगाला बेतून कापलेली. भाऊ पंच्याण्णव किलोचा. पहिल्याच दिवशी तो गॅरेजच्या दारात येऊन म्हणाला, “मेस्त्री, शॉकप बसलंय.” मेस्त्रींनी केबल टाय खाली सारली आणि त्याला गाडीवर बसायला सांगितलं.